तासाला किती मिळायचे?

आमच्या मिरजेच्या घरात माळ्यावर एक खोका होता. २०२० सालच्या जुलै महिन्यात तो खाली आला. टाळेबंदीमुळे माझी लेक नोकरीचं गाव सोडून घरी राहायला आली होती. दिवसभर लॅपटॉपसमोर बसायची आणि रात्री काहीतरी बघायला शोधायची. ३ जुलैला नेटफ्लिक्सवर 'द बेबी-सिटर्स क्लब' नावाची मालिका आली. नाव वाचलं आणि ती उठली, स्टुलावर चढली, खोका उतरवला आणि त्यातली पुस्तकं फरशीवर मांडली. चौदा होती. पाठीवर क्रमांक होते : एक, तीन, सात, चौदा, सव्वीस. मधली पुष्कळ गायब. मुखपृष्ठावर डॉलरमधली किंमत, आणि आत पेन्सिलीने लिहिलेले पंचवीस रुपये.

श्रोतेहो, ही पुस्तकं माझ्या धाकट्या भावाने २००४ साली मुंबईत फोर्टमधल्या फुटपाथवरून आणली होती. भाचीला इंग्रजी वाचायची सवय लागावी म्हणून. भाची तेव्हा नऊ वर्षांची. शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि आई मराठीतून कविता लिहिणारी. तिला अडलेला शब्द मला यायचा नाही. मग शब्दकोश मध्ये ठेवून आम्ही दोघी वाचायचो. त्या चौदा पुस्तकांवर मी किती इंग्रजी शिकले, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगते.

तुमच्यापैकी अनेकांनी या पुस्तकांचं नावही ऐकलं नसेल. अमेरिकेत मात्र एका अख्ख्या पिढीच्या मुली त्यांच्यावर वाढल्या. लेखिका अ‍ॅन एम. मार्टिन. मूळ कल्पना स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेतल्या संपादक जीन फाइवल यांची. मुलं सांभाळण्याच्या कामावरचं एक पुस्तक चांगलं खपतंय असं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मार्टिनबाईंना त्या विषयावर चार पुस्तकं लिहायला सांगितली. पहिलं, 'क्रिस्टीज ग्रेट आयडिया', ऑगस्ट १९८६ मध्ये निघालं. चारावर थांबायचं ते २००० सालापर्यंत चाललं. मुख्य मालिकेत १३१ कादंबऱ्या झाल्या, जोडमालिका वेगळ्याच. खप १७ कोटी ६० लाख प्रतींच्या पुढे गेला असं प्रकाशक सांगतात.

गोष्ट अगदी साधी आहे. कनेटिकट राज्यातलं स्टोनीब्रूक नावाचं एक काल्पनिक गाव. क्रिस्टी थॉमस ही बारा वर्षांची मुलगी. वडील घर सोडून गेलेले, आई नोकरी करणारी. एका संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळायला उद्या कोण येईल म्हणून आई एकामागून एक फोन करत सुटते. कुणीच मोकळं नाही. टेबलावरचं जेवण गार होतंय. क्रिस्टी ते बघते आणि तिच्या मनात येतं, एकाच फोनवर चार-पाच मुली भेटल्या तर? झाला क्लब स्थापन. क्लॉडिया किशीच्या खोलीत तिचा स्वतंत्र फोन आहे, म्हणून ती उपाध्यक्ष. मेरी अ‍ॅन चिटणीस, स्टेसी खजिनदार. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, साडेपाच ते सहा, बैठक. आठवड्याची वर्गणी. त्यातून फोनचं बिल भरायचं. क्रिस्टी पुढे गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला जाते, तिला गाडीतून आणणाऱ्या थोरल्या भावालाही त्यातूनच पैसे द्यायचे. आणि एक नोंदवही. प्रत्येक मुलीने काम करून आल्यावर त्या घरी काय झालं ते वहीत लिहायचं आणि बाकीच्यांनी ते वाचायचं. लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा, पण नियम म्हणजे नियम.

२००४ मध्ये मला हे सगळं गमतीचं वाटलं होतं. मुलं सांभाळायची त्याची बैठक काय, वर्गणी काय, वही काय!

लेकीला मात्र गंमत वाटत नव्हती. तिने हे फार गंभीरपणे घेतलं होतं. एका रात्री पुस्तक मिटून तिने विचारलं, "अम्मी, तू लहानपणी मामाला सांभाळायचीस ना? म्हणजे तू बेबीसिटरच की. तुला तासाला किती मिळायचे?"

मी म्हटलं, "गप्प दूध पी आणि झोप."

त्या प्रश्नाला सोळा वर्षं झाल्यावर खोका पुन्हा उघडला. लहानपणीची पुस्तकं मोठेपणी पुन्हा वाचणारी माझी लेक काही एकटी नाही. त्या पुस्तकांच्या पहिल्या वाचक आता चाळिशीच्या आसपास आल्या आहेत आणि अनेकजणी त्यांच्याकडे परत गेल्या आहेत. रेना टेल्गेमायर ही लहानपणीची वाचक. ती मोठी होऊन चित्रकार झाली आणि २००६ ते २००८ या काळात तिने मालिकेतल्या चार गोष्टी चित्रकादंबऱ्यांच्या रूपात पुन्हा सांगितल्या. २०२१ मध्ये जुन्या वाचकांच्या लेखांचा एक जाडजूड संग्रह निघाला. नेटफ्लिक्सच्या मालिकेचा दुसरा भाग त्याच वर्षी आला आणि २०२२ मध्ये ती बंद झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा हळहळणाऱ्यांत लहान मुलींबरोबर त्यांच्या आयाही होत्या.

पुन्हा वाचताना काय दिसतं? सर्वांत आधी दोष दिसतात. प्रत्येक पुस्तकाचं दुसरं प्रकरण जवळपास सारखं असतं. क्रिस्टी कशी हुकूम सोडणारी, मेरी अ‍ॅन कशी लाजाळू, स्टेसीला कसा मधुमेह आहे, क्लॉडिया खाऊ कुठे कुठे लपवते, हे दर वेळी नव्याने. लेक ती पानं हसत हसत उलटत होती. मी तिला थांबवलं. मला त्याच पानांनी इंग्रजी शिकवलं होतं. पहिल्या पुस्तकात शब्दकोश चौदा वेळा उघडला असेल, तर पाचव्यात दोनदाच. शाळेतल्या बाईही तेच तेच परत सांगतात, त्याला आपण कंटाळवाणं म्हणत नाही, उजळणी म्हणतो.

पण त्याच दुसऱ्या प्रकरणात एक गोष्ट या वेळी खुपली. क्लॉडिया ही जपानी वंशाची मुलगी. तिची ओळख आली की डोळे बदामी, केस काळेभोर, हे ठरलेलं. जेसी ही काळ्या कुटुंबातली मुलगी, तिची ओळख आली की तिचा रंग आधी, मग तिचा बॅले नाच. लहानपणी मजेत वाचलेल्या ओळी मोठेपणी टोचल्या असं अनेक वाचकांनी लिहिलं आहे. मला ते लगेच समजलं. व्यासपीठावर माझी ओळख करून देतात तेव्हा माझंही एक दुसरं प्रकरण असतं. आधी धर्म येतो, मग 'तरीही मराठीत लिहितात' येतं, आणि कविता सगळ्यांत शेवटी, वेळ उरला तर.

तरीसुद्धा क्लॉडियावर तिच्या वाचकांनी जीव टाकला. २०२० मध्येच सू डिंग यांनी 'द क्लॉडिया किशी क्लब' हा छोटा माहितीपट केला. त्यात आशियाई वंशाचे अमेरिकन लेखक आणि कलावंत सांगतात, की पुस्तकात आपल्यासारखी मुलगी त्यांना पहिल्यांदा भेटली, आणि ती गणितात हुशार नव्हती! तिला स्पेलिंग यायचं नाही, अभ्यास आवडायचा नाही, ती चित्रं काढायची आणि रंगीबेरंगी कपडे घालायची. सगळे जिच्याकडून जे धरून चालले होते, ते तिने केलं नाही, आणि तरी ती क्लबची उपाध्यक्ष राहिली. दोष आणि प्रेम एकाच पानावर असतात, हे पुनर्वाचनातच कळतं. पहिल्या वाचनात नुसतं प्रेम असतं.

दुसरा दोष वयाचा. या मुली सुरुवातीच्या काही पुस्तकांत सातवीतून आठवीत जातात. मग पुढची शंभरावर पुस्तकं आठवीतच. उन्हाळे येतात, नाताळ येतात, वाढदिवस होतात, पण मुली तेराच वर्षांच्या. लेक म्हणाली, "एवढे उन्हाळे गेले, यांना नववीत का नाही गं घालत?"

मी हसले नाही. कारण मीही आठवीतच थांबले होते.

हे सांगायचं ठरवलं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. आम्ही सहा भावंडं, मी थोरली. अब्बांचं शिलाईचं दुकान. १९८२ साली शेवटचा भाऊ झाला आणि त्यानंतर अम्माची तब्येत सावरेना. मी आठवीत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलेच नाही. कुणी मारलं नाही, रागावलं नाही, 'शाळा सोड' असंही म्हटलं नाही. फक्त सकाळी दप्तराऐवजी बाळ हातात आलं. पुढे मॅट्रिक बाहेरून केलं, मग बी.ए.सुद्धा बाहेरून. पण ती सहा वर्षं घरातच गेली. आमच्या गल्लीत अशा पाच-सहा थोरल्या मुली होत्या, हिंदूंच्या घरांतही होत्या. प्रत्येकीच्या कडेवर एक मूल. कडेवर मूल घेऊन आम्ही लगोरी खेळायचो, ते अजून आठवतं. आमच्या या कामाला नाव नव्हतं. 'पोरगी काय करते?' असं कुणी विचारलं, तर उत्तर असायचं, 'काही नाही, घरीच असते.'

म्हणून या वेळी मी क्रिस्टीला सोडून मॅलरी पाइकच्या मागे लागले. मॅलरी अकरा वर्षांची, आठ भावंडांत थोरली, चष्मेवाली. मोठेपणी लेखिका व्हायचंय. आधी क्लबमधल्या मुली तिच्या घरी सांभाळायला येतात, मग तीच सांभाळणारी होते. तिच्या घरी सगळी पोरं असली तर दोन बेबीसिटर लागतात. 'हॅलो, मॅलरी' हे चौदावं पुस्तक, १९८८ चं. त्यात थोरल्या मुली तिची भलतीच अवघड परीक्षा घेतात, पचनसंस्थेची आकृती काढायला लावतात. ती रुसून निघून जाते. त्याच वेळी गावात जेसीचं कुटुंब राहायला आलेलं असतं आणि शेजारीपाजारी त्यांच्याशी धड बोलत नाहीत. दोघींची मैत्री होते, दोघी आपला वेगळा क्लब काढतात. शेवटी मोठ्या मुलींना चूक कळते आणि या दोघी कनिष्ठ सदस्य होतात. त्यांना एक नियम लागू होतो : अकरा वर्षांच्या मुलीने रात्रीचं काम घ्यायचं नाही, स्वतःच्या घरचं असेल तरच.

हा नियम मी दोनदा वाचला. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीला रात्री जागवायचं नसतं, हे कुणीतरी ठरवलं होतं. आणि 'स्वतःच्या घरचं असेल तरच' हेही कुणीतरी ठरवलं होतं. घर म्हटलं की सगळे नियम सैल होतात, इथेही आणि कनेटिकटमध्येही.

या पुस्तकांनी जग बदललं असं मी म्हणणार नाही. ती सुखवस्तू उपनगराची गोष्ट आहे. तेरा वर्षांच्या मुलींवर तान्ही बाळं सोपवून बाहेर जाणारे आईबाप आज वाचताना अंगावर काटा आणतात. पण एक गोष्ट त्यांनी अगदी सहजपणे केली. बाळाला झोपवणं, भांडण सोडवणं, ताप बघणं, हे सगळं काम आहे असं धरलं. त्याला वेळ आहे, मोबदला आहे आणि संध्याकाळी बसून ते वहीत लिहिण्याच्या लायकीचं आहे. नऊ वर्षांच्या माझ्या लेकीला हे त्या पुस्तकांतून कळलं होतं. पस्तिशीतल्या मला कळलं नव्हतं.

गंमत अशी, की ज्या पुस्तकांनी ही नोंदवही शिकवली, त्यांच्या स्वतःच्या वहीतही काही नावं बारीक अक्षरांत होती. दर महिन्याला एक पुस्तक लिहिणं एका माणसाला कसं जमणार? पहिली पस्तीसेक मार्टिनबाईंनी लिहिली. पुढची बरीच दुसऱ्यांनी लिहिली, पीटर लेरांजिस यांच्यासारख्या लेखकांनी. मुखपृष्ठावर नाव मार्टिनबाईंचंच. लिहिणाऱ्याचं नाव आतल्या पानावर, हस्तलिखिताला मदत केल्याबद्दलच्या आभारात. लहानपणी ती ओळ कोण वाचतं? आम्ही २०२० मध्ये वाचली.

तसंच मिमीचं. मिमी ही क्लॉडियाची आजी. कामावर जाणाऱ्या आईबापांच्या घरात क्लॉडियाला तिनेच वाढवलं. आई नसलेल्या मेरी अ‍ॅनला विणायला तिनेच शिकवलं. सातव्या पुस्तकात तिला पक्षाघात होतो आणि सव्विसाव्यात, १९८९ मध्ये, ती जाते. लेक लहानपणी त्या पुस्तकावर ढसाढसा रडली होती. या वेळी रडली नाही. म्हणाली, "अम्मी, या सगळ्या मालिकेत खरी बेबीसिटर मिमीच होती गं. पण ती क्लबची सदस्य नव्हती."

त्या रात्री तिने कागद घेतला. म्हणाली, "आता हिशोब करू. १९८२ ते १९८८, सहा वर्षं. दिवसाला किती तास धरू?" मी म्हटलं, "रात्र सोडून धर." तिने पाच धरले. तास झाले १०,९५०. "आता दर सांग." मला दर सांगता येईना. मुलांकडून पैसे मागायचे का, अम्माकडून मागायचे का? अम्मा जाऊन दहा वर्षं झाली होती. तिलाही तेराव्या वर्षी कुणाचं तरी मूल दिलं गेलं असेल, तिने तरी कुणाकडे मागितलं? कागद तसाच राहिला. पण दुसऱ्या दिवशी मी लेकीची एक कोरी वही घेतली आणि क्लबच्या पद्धतीने लिहायला बसले. तारीख, कुठलं मूल, काय झालं. आठवेल तसं. पहिली नोंद अशी होती : हिवाळा, १९८२. धाकट्याला ताप. रात्रभर जागले. तीन वाजता दोन चमचे पाणी प्यायला.

आठ-दहा पानं झाल्यावर फोनवर माझ्या बहिणीला वाचून दाखवली. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. पहिली नोंद ऐकली आणि म्हणाली, "आपा, तो ताप नव्हता, गोवर होता. आणि रात्रभर तू नव्हतीस जागी. बारानंतर तू झोपलीस. पाणी मी पाजत होते."

मी गप्प झाले. ती म्हणाली, "अगं, राग नाही आला मला. सकाळी तुला चूल पेटवायची होती, म्हणून मीच तुला झोप म्हटलं होतं."

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत गेली असणार. अर्धा तास वर्गात डुलक्या काढल्या असतील, बाईंनी उभं केलं असेल. ते मी विचारलं नाही. अडतीस वर्षं त्या रात्रीची जाग मी माझ्या नावावर धरून चालले होते. एका कवितेतही घातली होती, आणि त्या कवितेला टाळ्या मिळाल्या होत्या.

वहीतली ती नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली एक ओळ घातली : 'बारा ते सकाळपर्यंत बहीण.' 'ताप' कापून 'गोवर' केलं. मग बहिणीला म्हटलं, आता पुढचं पान तू सांग, मी लिहून घेते. तिने सांगायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या घरात मी पाहिलेली मुलं पाच होती आणि तिने पाहिलेली सहा. सहावी मी होते. मला ताप आला, की माझ्या उशाशीही तीच बसायची.

खोका पुन्हा माळ्यावर गेला नाही. पुस्तकं आता खालच्या फळीवर आहेत, आणि त्यांच्या शेजारी ती वही. लेकीने वहीच्या शेवटच्या पानावर तो हिशोबाचा कागद चिकटवला आहे. तासांचा आकडा आम्ही अजून दुरुस्त करतो आहोत. बहीण दर रविवारी फोन करते.